रेतीचोरीचा फिर्यादी कोण?

रेतीचा टिप्पर पकडला की पंचनामा होतो. वाहनाचा नंबर, चालकाचं नाव, वाहतूक पास आहे की नाही, असल्यास त्यावरची वेळ उलटली आहे का. 'अंदाजे चार ब्रास ओली रेती विनापरवाना', तिची बाजारभावाने किंमत, वर रॉयल्टी, वर दंड. दोन पंचांच्या सह्या. तलाठी (सरकारने आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी केलं आहे, गावाने अजून नाही) कागद तहसीलला पाठवतो आणि टिप्पर तहसीलच्या आवारात उभा राहतो. या कागदात एक रकाना कधी दिसत नाही: ती रेती ज्या घाटावरून उचलली त्याच्या काठावर कोणाचं वावर आहे आणि त्या वावरातल्या विहिरीला आज किती हात पाणी उरलं आहे.

हा रकाना कोणी विसरलेलं नाही. तो असावा असं कायद्यालाच वाटत नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ सांगते की नदी-नाल्यांची पात्रं सरकारच्या मालकीची आणि त्यातल्या खनिजावरचा हक्कही सरकारचाच. केंद्राच्या १९५७ च्या खाण कायद्यात रेती हे गौण खनिज. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली स्पष्ट केलं की विनापरवाना रेती काढणाऱ्यावर खाण कायद्याबरोबरच चोरीचाही गुन्हा लागू शकतो. निकाल चांगलाच होता. पण चोरी झाली ती कोणाची? सरकारची. काठावरचा शेतकरी या सगळ्यात फार तर पंच, आणि तेही सही करायची हिंमत असेल तर.

अवैध रेती उपशावर आपल्याकडे चर्चा भरपूर होते. दरवर्षी डिसेंबरात नागपूरला हिवाळी अधिवेशन भरतं तेव्हा तर हमखास. पण ती बहुतेक बुडालेल्या महसुलाची चर्चा असते. किती वाहनं पकडली, किती दंड वसूल झाला, किती गुन्हे दाखल झाले. माझं म्हणणं असं की हा गुन्हा महसुलाच्या मापाने मोजला जातो म्हणूनच तो थांबत नाही. ज्याचं खरं नुकसान होतं तो या हिशेबात कुठेच नाही. आणि सरकारचं नुकसान भरून निघालं की, म्हणजे दंड भरला की, वाहन सुटतं आणि प्रकरण मिटतं.

आता नुकसान कसलं ते पाहू.

कन्हान नदी सातपुड्यातून, मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यातून येते. नागपूर जिल्ह्यातले सावनेर, पारशिवनी, कामठी, मौदा असे तालुके ओलांडत कुही तालुक्यात अंभोऱ्याला वैनगंगेला मिळते. वाटेत कामठीच्या वरच्या अंगाला तिला पेंच आणि कोलार येऊन भेटतात. या पट्ट्यातल्या काठच्या विहिरींना पाणी लागतं ते पात्रातल्या रेतीमुळे. पावसाळ्यात रेतीचा थर भरतो, दिवाळीनंतर वरचा प्रवाह बारीक होत जातो, पण खाली रेतीत पाणी धरलेलं असतं आणि ते काठाच्या जमिनीतून विहिरीपर्यंत झिरपत राहतं. एप्रिलमध्ये नदी कोरडी दिसत असतानाही काठावरची विहीर चालते ती यामुळे. जुन्या लोकांना हे सांगावं लागत नाही. पात्रात हातभर खोदलं की पाणी लागायचं, गुरं त्याच झिऱ्यावर पाणी प्यायची.

रेती काढली की दोन गोष्टी होतात. पाणी धरणारा थर जातो, आणि पात्राचा तळ खाली जातो. दुसरी गोष्ट जास्त वाईट. तळ खाली गेला की विहिरीतलं पाणीच उलट नदीकडे उतरू लागतं. म्हणून खड्डा पडतो घाटावर आणि आटते ती त्याहून बऱ्याच अंतरावरची विहीर. शेतकरी बोअर मारतो, तो कोरडा जातो, आणि दोष पावसाला दिला जातो.

एक ढोबळ हिशेब करू. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, साधारण २,८३० लिटरचं आकारमान. भरड रेतीच्या थरातून उपसता येईल असं पाणी आकारमानाच्या पाचव्या ते चौथ्या हिश्शाइतकं असतं. चौथा धरला तर एका ब्रासमागे ७०० लिटर. आता एक हेक्टर पात्रातून दोन मीटर जाडीचा थर काढला असं समजा. रेती झाली २०,००० घनमीटर, म्हणजे जवळपास ७,००० ब्रास. ब्रासला ६०० रुपये रॉयल्टी धरली तर सरकारचे बुडाले ४२ लाख. आणि पाणी? ५,००० घनमीटर, म्हणजे ५० लाख लिटर. संत्र्याच्या मोठ्या झाडाला मेच्या उन्हात दिवसाला १०० लिटर धरा, प्रत्यक्षात जास्तच लागतं. तरी दोन महिन्यांत या पाण्यावर आठशेवर झाडं जगतात. सहा बाय सहा मीटरवर लावलेली तीन हेक्टर बाग. सगळं पाणी विहिरीत येत नाही, काही खाली वाहून जातं, हे मान्य. पण ४२ लाखांचं नुकसान एकदाच होतं, ५० लाख लिटरचं दर उन्हाळ्यात होतं.

आणि संत्र्याला नेमकं तेव्हाच पाणी हवं असतं. आंबिया बहाराची फळं एप्रिल-मेमध्ये झाडावर लिंबाएवढी असतात, पाण्याला ताण पडला की गळतात. केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था नागपुरातच आहे. झाडाला कोणत्या महिन्यात किती पाणी लागतं हे तिथले शास्त्रज्ञ सांगू शकतात. रेतीघाट ठरवताना त्यांना कोणी विचारायला गेल्याचं निदान माझ्या ऐकिवात नाही.

पात्रात पाइप टाकून ओलीत करणाऱ्यांचं वेगळंच. काठावरच्या एखाद्या मोटारीचा पाइप जवळून पाहा. जुना काळपट तुकडा, त्याला जोडलेला पिवळट, त्यापुढे नवा पांढरा. प्रत्येक जोड एकेका उन्हाळ्याचा. खाली फूटव्हॉल्व्ह डोहाच्या तळाशी टेकलेला, त्याभोवती गोणपाट गुंडाळलेलं, कारण आता पाण्याबरोबर गाळ येतो. आधी रेती होती तेव्हा पाणी गाळून येत असे.

यावर नेहमीचं उत्तर ठरलेलं आहे: नदी दर पावसाळ्यात रेती परत आणून टाकते. आणते, पण वरून जेवढी येईल तेवढीच. पेंचवर तोतलाडोह आणि नवेगाव खैरी ही धरणं आहेत, वर मध्य प्रदेशात चौराईचं धरण झालं आहे. धरण पाणी सोडतं, रेती सोडत नाही. म्हणजे पेंचच्या खालच्या अंगाला जी रेती आहे तिच्यात भर फारशी पडत नाही. म्हणूनच केंद्राच्या २०१६ आणि २०२० च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये घाट देण्याआधी रेती किती भरून येते याचा अभ्यास करायला सांगितलं आहे, आणि खोदायचं ते ३ मीटर किंवा पाणी लागेपर्यंत, यातलं जे कमी असेल तेवढंच. पाणी लागलं की थांबायचं हा नियम कागदावर आहे. पंचनाम्यातला 'ओली रेती' हा शब्द तो नियम मोडल्याची कबुलीच देतो, पण त्या कबुलीचा वेगळा दंड काही लागताना दिसत नाही.

तळ खाली गेल्यावर काठही ढासळतात, आणि नदीला मिळणारे नाले आपापला तळ खाली न्यायला लागतात. नाला वर वर कापत जातो, धुरे (बांध) पडतात, काठच्या वावरातली पिकाची एकेक ओळ पाण्यात जाते. इथे मदतीचा नियम पाहण्यासारखा आहे. पुरात जमीन खरडून गेली तर आपत्ती मदत निधीच्या निकषांनुसार हेक्टरी ४७,००० रुपये मिळतात. ऑक्टोबर २०२५ च्या अतिवृष्टी पॅकेजमध्ये राज्य सरकारने त्यावर रोजगार हमीतून हेक्टरी ३ लाखांपर्यंतची जोड दिली, पडलेल्या विहिरींसाठीही ३०,००० रुपये जाहीर केले. चांगलं केलं. पण तीच जमीन रेती उपशामुळे काठ पोखरून गेली तर? ती नैसर्गिक आपत्ती नाही. नदीने नेली तर मदत, माणसाने नेली तर काही नाही. पावसाळ्यात काठ पडला तर निदान अतिवृष्टीच्या यादीत नाव लागतं. जानेवारीत कोरड्या नदीत पडला तर तेही नाही.

दुसरा निधी आहे जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा. २०१५ च्या दुरुस्तीनंतर खाणबाधितांसाठी तो उभा झाला, आणि कोळसा खाणींमुळे नागपूर जिल्ह्यात त्यात पैसा बरा जमतो. पण बाधित ठरायचं तर आधी खाण पाहिजे, म्हणजे पट्टा पाहिजे, परवाना पाहिजे. बिनपरवाना उपशाला पट्टा नसतो. पट्टा नाही म्हणून बाधित क्षेत्र नाही, क्षेत्र नाही म्हणून बाधित कोणीच नाही. चोरी जेवढी पक्की बेकायदा, तेवढा शेतकरी कागदावरून गायब.

त्याहूनही गायब असलेले लोक नदीच्या पात्रातच राहतात. कन्हान-वैनगंगेच्या रेतीत ढिवर समाजाची माणसं डांगरवाड्या करतात. पाणी उतरलं की रेतीत ओल लागेपर्यंत चर खणायचे, तळाला शेणखत घालायचं, बी टोचायचं, वेलाची मुळं ओलीला टेकेपर्यंत शेजारच्या झिऱ्यातून घागरीने पाणी घालायचं. गवताचा आडोसा करून वाऱ्याने उडणारी रेती अडवायची. मार्चपासून टरबुजं, खरबुजं, काकड्या निघायला लागतात आणि महामार्गाच्या कडेला ढीग लागतात. पोकलेन (खोदाईचं मोठं यंत्र) एका रात्रीत जो थर उचलतो तोच यांचा ओलावा. यांच्याकडे सातबारा नाही, कारण जमीन नदीची. पीकविमा नाही, पीक पाहणीत नोंद नाही. तक्रार केली तर पहिला प्रश्न येईल की तू पात्रात काय करत होतास. टिप्परवाल्याइतकाच तोही विनापरवाना.

मग काठावरचा शेतकरी गप्प का बसतो? भीती आहेच. तलाठ्याच्या अंगावर ट्रॅक्टर घालण्याच्या बातम्या महाराष्ट्रात नव्या नाहीत, तर एकट्या शेतकऱ्याची काय कथा. शेतीच्या फीडरला वीज आळीपाळीने मिळते, कधी दिवसा, कधी रात्री. रात्रीच्या पाळीत ओलिताला निघालेला माणूस आणि रेती भरून निघालेला टिप्पर त्याच एका पांदणीवर समोरासमोर येतात. वाट कोणी द्यायची हे सांगायला नको. "काकाजी, तुमी तुमचं ओलीत करा, आमचं आमाले करू द्या," एवढं गोडीत सांगितलं तरी पुरतं. त्या पांदणीची अवस्था पाहिली तर एक वेगळा लेख होईल. भरलेल्या टिप्परच्या चाकांनी दोन खोल चाकोऱ्या पडतात, पावसाळ्यात त्यात पाणी साचतं, आणि बैलबंडी खताचं पोतं घेऊन वावरात पोचत नाही. पांदण रस्त्यांसाठी सरकार योजना काढतं, मुरूम टाकतं, आणि पुढच्या हिवाळ्यात तो मुरूम रेतीखाली दबून जातो.

पण भीती हे अर्धंच उत्तर आहे. अर्धं असं की घाटावरचा ट्रॅक्टर पुष्कळदा गावातलाच असतो. पुतण्याने कर्ज काढून घेतलेला. शेतीत हप्ता निघत नाही म्हणून रात्रीच्या दोन-तीन खेपा. पात्रात उतरायला वाट आपल्याच वावरातून देणारेही आहेत, त्याचं भाडं कपाशीपेक्षा बरं पडतं. रेतीमाफिया म्हणून शहरातून बोट दाखवणं सोपं आहे, गावात ते बोट चुलत्याच्या अंगणाकडे वळतं. गावच यात सामील आहे हा आक्षेप मी खोटा मानत नाही. पण ट्रॅक्टरवाला पोरगा आणि पोकलेन लावणारा यांना एकाच मापाने मोजणं हा अन्याय आहे, आणि प्रत्यक्षात ते माप उलटंच लागतं. ट्रॅक्टर पकडायला सोपा, हळू चालतो, मालक ओळखीचा. पोकलेन पकडायला रात्री पात्रात उतरावं लागतं. कारवाईचा आकडा ट्रॅक्टरांवर फुगतो आणि नदीचा तळ पोकलेनने खाली जातो. शेतीला भाव असता तर पुतण्या रात्री झोपला असता, हेही खरं. पण ते खरं असलं म्हणून चुलत्याची विहीर भरत नाही.

सरकारने काहीच केलं नाही असं नाही. एप्रिल २०२३ मध्ये नवं धोरण आलं, सरकारी डेपोतून ६०० रुपये ब्रासने रेती देण्याचं. ते चाललं नाही. एप्रिल २०२५ मध्ये डेपो गुंडाळून पुन्हा लिलाव आले, घरकुलाला ५ ब्रासपर्यंत रेती मोफत ठरली. पुढच्याच महिन्यात कृत्रिम वाळूचं धोरण, म्हणजे दगड फोडून केलेली एम-सँड, आणि तिची रॉयल्टी ६०० वरून २०० रुपये. हे धोरण आणणारे महसूलमंत्री चंद्रशेखर बावनकुळे कामठीचे आमदार, नागपूरचे पालकमंत्री. कन्हान त्यांच्या मतदारसंघातून वाहते, म्हणजे नदी त्यांना नकाशावर शोधावी लागत नाही.

पण या सगळ्या धोरणांची भाषा बघा. ब्रास किती रुपयाला, घर बांधणाऱ्याला स्वस्त कशी मिळेल, महसूल कसा वाढेल. रेती विकत घेणारा आहे, विकणारा आहे, वाहून नेणारा आहे. रेतीवर जगणारा नाही. घरकुलाची मोफत रेती मला मान्य आहे, ती मिळायलाच हवी. पण ती ज्या घाटावरून निघेल त्याच्या शेजारच्या विहिरीवर कदाचित त्याच घरकुलवाल्याचं दीड एकर ओलीत होत असेल.

कृत्रिम वाळूकडे मी आशेनेच पाहतो. नागपूरजवळ वेस्टर्न कोलफील्ड्सने खाणीवरच्या मातीच्या ढिगाऱ्यांतून रेती वेगळी करून दाखवली आहे आणि ती नागपूर सुधार प्रन्यासच्या घरांसाठी दिली गेली आहे. असे ढिगारे आपल्या जिल्ह्यात कमी नाहीत. गिट्टी क्रशरचं मात्र जपून. क्रशरची धूळ कपाशीच्या बोंडावर आणि तुरीच्या फुलावर बसते, आणि तेव्हा नुकसान कन्हानकाठावरून उठून दुसऱ्या गावात जातं, एवढंच. तिथेही पंचनाम्यात वावराचा रकाना नसेल तर आपण काय मिळवलं?

आणि नागपूर शहराचं काय? मेट्रो, सिमेंटचे रस्ते, शिवमडक्यापासून निघालेला समृद्धी, चारही दिशांना वाढणारी लेआउट्स. या शहराला रेती लागणारच. गंमत अशी की शहर पाणीही कन्हान आणि पेंचचंच पितं. ज्या नदीतून आपण पाणी उचलतो तिचाच तळ आपण मजल्यांवर चढवतो. उन्हाळ्यात पाणीकपात आली की नगरसेवकाला फोन जातो. घाटावर काय चाललं आहे हे विचारायला कोणी फोन करत नाही.

मागण्या मोठ्या नाहीत. घाटाच्या लिलावाआधी ग्रामसभेचं मत घेण्याची पद्धत आपल्याकडे आहे. पण ज्या गावाने नाही म्हटलं त्याचा घाट लिलावात जात नाही, रात्री जातो. नकाराला अर्थ यायचा असेल तर नकार दिलेल्या घाटावर चोरी झाल्यास तिथल्या दंडाचा ठरलेला हिस्सा, सरकारी तिजोरीत न जाता, त्या गावाच्या पांदण रस्त्याला आणि विहिरींच्या पुनर्भरणाला मिळाला पाहिजे. दंडात गावाचा वाटा आला की पंच व्हायला दोन माणसं सहज मिळतील. सरकारच्या महाखनिज या ऑनलाइन प्रणालीवर वाहनांच्या खेपा दिसतात. त्या गावाच्या ग्रामपंचायतीलाही दिसू द्या, म्हणजे एकाच पासवर किती फेऱ्या झाल्या हे घाटाशेजारी राहणाराच सांगेल. जिल्हा खनिज प्रतिष्ठानच्या यादीत अवैध उपशाची ठिकाणं बाधित म्हणून घ्या. एकदा गुन्हा नोंदवला म्हणजे उपसा झाल्याचं सरकारनेच मान्य केलेलं असतं, मग बाधित मानायला अडचण कसली?

सगळ्यांत आधी मोजणी. शेतकरी भरपाईसाठी राष्ट्रीय हरित लवादाकडे जाऊ शकतो. पश्चिम विभागाचं पीठ पुण्याला आहे, ते अंतर सोडून द्या. तिथे पोचल्यावर त्याला सिद्ध करावं लागेल की विहीर उपशामुळे आटली, आणि उपशाआधी तिला पाणी किती होतं याचा पुरावा त्याच्याकडे नसतो. भूजल सर्वेक्षण विभाग निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून काही वेळा मोजतो, पण त्या ठरावीक विहिरी. घाटाजवळच्या, दोन्ही काठांवरच्या प्रत्येक विहिरीची पातळी ऑक्टोबरात एकदा आणि मेमध्ये एकदा मोजायला एक दोर, एक वजन आणि एक वही लागते. ती वही ग्रामसभेत वाचली जावी, तिची प्रत जिल्ह्याच्या रेती सर्वेक्षण अहवालाला जोडली जावी, आणि टिप्पर पकडला की पंचनाम्यात काठावरच्या वावरांचे गट नंबर आणि त्या वहीतला शेवटचा आकडा लिहिला जावा. याला नवा कायदा लागत नाही, जिल्हाधिकाऱ्यांचं एक परिपत्रक पुरतं. तळाशी जागाही असते, पंचांच्या सह्यांच्या वर.